जिवंतांच्या चिठ्ठीतलं पहिलं नाव

स्मारो मावशीच्या चिठ्ठ्या अकरा वर्षं मी लिहीत होते. आमच्याकडे वर्षातून तीनदा मृतांचा शनिवार येतो. त्या दिवशी बायका उकडलेल्या गव्हाचं ताट आणि दोन चिठ्ठ्या घेऊन चर्चमध्ये जातात. एका चिठ्ठीत घरातल्या जिवंत माणसांची नावं, दुसरीत गेलेल्यांची. पाद्रीबाबा ती मोठ्याने वाचतात. आडनाव लागत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं नाव तेवढं पुरतं, आणि ज्याला ते मिळालंच नाही त्याचं काही वाचलं जात नाही.

मावशीला अक्षरं लावून वाचता यायचं, पण लिहिणं कधी जमलं नाही. नवव्या वर्षी तिला गालिच्याच्या मागावर बसवलं होतं, शाळा तिथेच संपली. म्हणून ती माझ्या दुकानात यायची. राजधानीच्या कडेला निर्वासितांनी वसवलेल्या नेआ इओनियात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं बटणं-दोऱ्यांचं दुकान आहे. काउंटरवर कोपर टेकून ती नावं सांगायची आणि मी लिहायचे. जिवंतांच्या चिठ्ठीत पहिलं नाव कायम एकच असायचं : इग्नातिस. हा तिचा बाप.

पहिल्या वर्षी मी काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी लिहिता लिहिता माझ्या डोक्यात आलं की मावशीच सत्तरीला टेकली आहे, तर बाप किती वर्षांचा असेल? मी विचारलं, "मावशी, तुझे वडील असतात कुठे?"

"हरवलेत."

"कधीपासून?"

"बावीस सालापासून."

मी पेन खाली ठेवलं. ती शांतपणे म्हणाली, "लिही गं पोरी. तुझी शाई संपतेय का?"

पुढे हळूहळू कळलं. बावीस सालच्या सप्टेंबरात, आपण युद्ध हरल्यावर, समुद्रापलीकडच्या ऐवलीहून बायका-मुलांना बोटीत चढू दिलं आणि पुरुषांना शत्रूचे सैनिक आतल्या मुलखात घेऊन गेले. इग्नातिस साबणाच्या कारखान्यात कामाला होता. धक्क्यावरून जाताना त्याने डोक्यावरची टोपी काढून हलवली, एवढंच मावशीच्या आईने पाहिलं. त्यानंतर चाळीस वर्षं ती बाई हरवलेल्यांच्या याद्या चाळत राहिली, रेडिओवर नावं वाचायचे तेव्हा हातातलं काम सोडून बसायची. एकसष्ट साली ती गेली. जाताना लेकीला एवढंच म्हणाली की जोवर कुणी त्यांना मेलेलं पाहिलेलं नाही, तोवर गेलेल्यांत लिहायचं नाही. मावशीने शब्द दिला होता. पाद्रीबाबा कधी कधी चिठ्ठी घेताना तिची गंमत करायचे, की वडील तुमच्यापेक्षा ठणठणीत दिसतात. ती म्हणायची, तुम्हाला वाचायला सांगितलंय, तपासायला नाही.

मावशी अशीच होती. अंगाने चिमूटभर, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा गवंडी होता, तो लवकर गेला. मोठी मुलगी मेलबर्नला, धाकटी दोन गल्ल्या पलीकडे, पण मावशी कुणाच्या घरी राहायला गेली नाही. सकाळी फुटपाथ धुवायची, मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याचाही धुवायला लावायची. तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं : "मी राजवाड्यात वाढलेय, मला शिकवू नकोस." भाव करताना, भांडताना, डॉक्टरने मीठ कमी खा म्हटल्यावरसुद्धा हेच. सगळी गल्ली तिला राणीसाहेब म्हणायची. मासेवाला ओरडायचा, "राणीसाहेब, आजचे सार्डिन दरबारात शोभतील असे आहेत." ती एक मासा उचलून त्याच्या डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "हे तुझ्या आजीबरोबरच बोटीतून आलेले दिसतात."

खरं सांगायचं तर माझा तिच्या राजवाड्यावर विश्वास नव्हता. मी डोंगरातली, लग्न होऊन इथे आलेली. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की सिंडाग्मा चौकातली ती पिवळी इमारत आधी राजाचा वाडा होती आणि आता संसद आहे. मध्ये काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला एखादी मोठी गोष्ट लागते, तशी ही तिची. त्या इमारतीशी आमचा संबंध म्हणजे मोर्चाचा. पेन्शन कमी केली की बसने जायचं, पायऱ्यांसमोर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि येताना तीळ लावलेली पावाची कडी खात परतायचं. आत जायला निवडून यावं लागतं अशीच माझी समजूत होती.

त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत निर्वासितांच्या मंडळाने संसद बघायची सहल ठरवली. सामान्य माणसांनाही आत सोडतात, फक्त आधी नावं कळवावी लागतात, असं समजलं. मी माझं नाव दिलं आणि मावशीला चिडवलं, की चला राणीसाहेब, तुमचं माहेर दाखवा. मला वाटलं ती सगळ्यांच्या पुढे निघेल. तिचा चेहरा पडला. मला नाही यायचं, माझे गुडघे दुखतात, म्हणाली आणि हातातली रिळं तशीच ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करायच्या वेळेला ती आली. आत येऊन तिने स्वतःच दाराची पाटी उलटी केली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. मग तिने मला जे सांगितलं ते आजवर तिच्या मुलींनाही ठाऊक नव्हतं.

बोटीतून उतरल्यावर त्यांना खरंच त्या राजवाड्यात नेलं होतं. राजे कधीचे दुसरीकडे राहायला गेले होते, वाडा जळका, रिकामा होता. एका मोठ्या दालनात कित्येक कुटुंबं. दोऱ्या बांधून त्यावर घोंगड्या टाकल्या की झाली खोली. मावशी पाच वर्षांची होती आणि तिला चार महिन्यांचा भाऊ होता. त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता, त्यामुळे त्याला नाव नव्हतं, नुसता बाळ. डिसेंबरात त्याला खोकला झाला. एके दुपारी आई अंगणात दुधाच्या रांगेत उभी होती, आजूबाजूच्या बाया कपडे धुवायला गेल्या होत्या, आणि बाळाचे ओठ निळे पडायला लागले.

"धक्क्यावर मी एका बाईला बघितलं होतं," मावशी म्हणाली. "तिचं तान्हं जात होतं. पाद्री नव्हता, पाणी नव्हतं. तिने त्याला तीनदा हवेत उचललं आणि नाव ठेवलं. बाजूची म्हातारी म्हणाली, असं केलं तरी देव धरतो. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. मग मीही उचललं. मान लटकत होती, म्हणून एक हात डोक्याखाली घातला. पित्याच्या नावे एकदा, पुत्राच्या नावे एकदा, पवित्र आत्म्याच्या नावे एकदा. आणि नाव ठेवलं. तिसऱ्यांदा खाली आणलं तेव्हा तो गेला होता."

हवेतला बाप्तिस्मा आमच्यात चालतो. जीव जात असेल आणि पाद्री नसेल तर कुणीही करावा, अगदी पोरानेही. पण त्याला कुणी बघणारं असावं लागतं, म्हणजे पुढे पाद्रीला सांगता येतं. आई आल्यावर छोट्या स्मारोने तिला सगळं सांगितलं, नावसुद्धा. आईने तिच्या थोबाडीत मारली. म्हणाली, तू काही केलेलं नाहीस, तुला स्वप्न पडलं. पाद्री आला तेव्हा आई गप्प राहिली आणि बाळाला नावाशिवाय पुरलं. पुढे एकदा, दहा-बारा वर्षांची असताना, मावशीने धीर करून इथल्या जुन्या पाद्रीला विचारलं. त्याने विचारलं, कोण होतं तेव्हा तिथे? ती म्हणाली, भिंतीवरची माणसं. तो हसला.

"भिंतीवर माणसं रंगवली होती, वर, छतापाशी," ती म्हणाली. "आडव्या पट्ट्यात, चारी बाजूंनी. घोडे, तलवारी, घोळदार घागऱ्यासारखा जुना गणवेश घातलेले सैनिक. सगळे लढताहेत. पण एकजण लढत नव्हता. लाल कमरपट्टा, एका पायात चप्पल नाही. तो आमच्याकडे बघत होता. मी बाळाला उचललं तेव्हा त्याने बघितलं. एवढं मला आठवतंय."

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत कधी गेली का नाहीस? ती बराच वेळ बोटांनी काउंटरचा काठ घासत राहिली. म्हणाली की आताशा ती मीठ दोनदा टाकते. जावयाला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारते. मग सत्तर वर्षांपूर्वीचं तरी खरं कशावरून? आई म्हणाली ते खरं असेल. त्या इमारतीत अशी माणसं नसतीलच तर तिने बाळालाही उचललं नसेल, भेदरून कोपऱ्यात बसून राहिली असेल आणि बाकीचं मागाहून रचलं असेल. "मग तो नावाशिवायच गेला," ती म्हणाली. "तसाच राहिला असेल कुठेतरी, हाक कशी मारणार त्याला?"

ठेवलेलं नाव काय, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी उठून यादीत माझ्या नावाखाली तिचं नाव लिहिलं.

सहलीच्या दिवशी ती काळा कोट आणि गळ्याशी मोत्याची पिन लावून आली. बसमध्ये बायकांनी राणीसाहेबांना पुढची जागा दिली, कुणीतरी गुडघ्यात वाकून मुजराही केला. एरवी तिने एकेकीची सालटी काढली असती. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत बसली. फाटकापाशी पर्स यंत्रातून गेली आणि पोलिसाने आतून एक छोटी वाकडी कात्री काढली. गालिच्याच्या गाठी कापायची, मावशी तिच्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. पोलीस अदबीने म्हणाला, आजी, जाताना परत मिळेल. मावशी म्हणाली की साठ वर्षांत तिने त्या कात्रीला नवऱ्यालाही हात लावू दिला नव्हता. पण दिली. तेव्हाच मला कळलं की तिने हाय खाल्ली आहे.

आत पाऊल टाकलं आणि आमच्या चाळीस बायकांची बडबड नळ बंद केल्यासारखी थांबली. मी काही भोळीभाबडी नाही. त्या इमारतीला मी बाहेरून इतक्या शिव्या घातल्या आहेत की आत गेल्यावर रागच येईल असं वाटलं होतं. पण संगमरवरी जिने, ते उंच खांब, पायाखाली आरशासारखी फरशी. माझे बूट दुकानात वाजतात तसे वाजेनात, मी आपोआप हळू चालायला लागले. मग सभागृह. अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, आणि वरून काचेतून उतरणारा मंद उजेड. इथे माणसं उभी राहून हो किंवा नाही म्हणतात आणि आमच्या घरात चूल कशी पेटायची ते ठरतं. मला भीती वाटली, अभिमानही वाटला, आणि ही जागा आपलीसुद्धा आहे हे पहिल्यांदा वाटलं. शेजारची बाई हळूच क्रूसाची खूण करत होती. मीही केली.

मावशी मात्र सभागृहाकडे बघतच नव्हती. ती भिंतींच्या वरच्या कडा बघत होती. इथे काही रंगवलेलं नव्हतं.

माहिती सांगणारी मुलगी गोड होती. राजा, राणी, आग, संसद, सगळं ती गाण्यासारखं म्हणत होती. एका दमात म्हणाली की संसद इथे आणायची ठरली तेव्हा वाड्याचा आतला बहुतेक भाग पाडून नव्याने बांधला. मावशीची बोटं माझ्या दंडात रुतली. मी मध्येच विचारलं, बहुतेक म्हणजे? जुनं काही उरलं का? मुलगी म्हणाली, हो, दोन दालनं जशीच्या तशी ठेवली आहेत, त्यांतल्या एकाच्या भिंतींवर वरच्या बाजूला स्वातंत्र्ययुद्धाची चित्रं आहेत. पण आज तिथे परदेशी पाहुण्यांची बैठक आहे, तेव्हा आपल्याला ते बघता येणार नाही. एवढं बोलून ती ग्रंथालयाकडे वळली आणि सगळ्या तिच्या मागे निघाल्या.

मावशी जिन्याच्या पायरीवर बसली. मी म्हटलं, उठ, इथे बसायला मनाई असेल. ती म्हणाली, "मी थांबते. बैठक कधीतरी संपेल."

आता माझा स्वभाव असा की दुकानात कुणी दोन बटणं जास्त उचलली तरी मी गप्प बसत नाही. मी त्या जिन्यावर उभं राहून जो कोणी जाईल त्याला अडवायला लागले. एका टायवाल्याने मान हलवली, दुसऱ्याने घड्याळ दाखवलं. शेवटी निळ्या गणवेशातला एक शिपाई आला, साठीचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याने माझं ऐकून घेतलं नाही, तो सरळ मावशीसमोर वाकला आणि विचारलं की काय हवंय.

"मी इथे राहायचे," मावशी म्हणाली. "घोंगड्यांच्या खोलीत. जिन्याने वर गेलं की डाव्या हाताला. आमची जागा दुसऱ्या खिडकीखाली, कारण पहिलीची काच फुटली होती."

शिपायाने जुडग्यातली एक किल्ली शोधून वेगळी धरली. मग म्हणाला की एकतीस वर्षं तो ते दालन उघडतोय, तिथे राहिलेलं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. पाहुणे साडेबाराला यायचे होते. "दहा मिनिटं," तो म्हणाला. "आजी, माझा हात धरा."

त्याने दार उघडलं. राजवाड्याच्या सगळ्या गप्पा मी इतकी वर्षं हसण्यावारी नेल्या होत्या. समोर ते दालन होतं, लांबच लांब, डाव्या हाताला, आणि छताच्या खाली चारी भिंतींवरून माणसं धावत होती. घोडे उधळलेले, निशाणं, तलवारी, घोळदार घागरे, धूर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुणी थांबलेलं नव्हतं. मी मान वर करून गोल फिरत राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते चित्रांमुळे नव्हे, माझी मला लाज वाटली म्हणून. अकरा वर्षं ही बाई खरं बोलत होती.

"बघ मावशी," मी म्हटलं. "आहेत की गं सगळे."

ती बैठकीच्या मेजाच्या कडेने फिरत होती. एकेक भिंत, एकेक माणूस. गालिच्यात चुकलेली गाठ शोधावी तशी. एक फेरी झाली, दुसरी झाली. शिपाई दारात उभा राहून घड्याळ बघत नव्हता, पण मी बघत होते. तिसऱ्या फेरीनंतर ती थांबली.

"तो नाही," ती म्हणाली. "लढणारे आहेत. बघणारा नाही."

मीही शोधला. लाल कमरपट्टे तर डझनभर होते, पण कुणीच आमच्याकडे बघत नव्हतं. मी तिला सांगितलं की बाकी सगळं जुळलं ना, मग झालं. तिने मान हलवली. घोडे आणि तलवारी तर शाळेतल्या पुस्तकातही असतात, ती म्हणाली, पुढे कधीतरी बघितल्या असतील. साक्षीदार तोच होता. तो नाही, म्हणजे आई खरं बोलत होती. हे ती इतक्या साध्या आवाजात बोलली की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग ती दुसऱ्या खिडकीपाशी गेली. तिथे थोडी जागा मोकळी होती. पर्स तिने फरशीवर ठेवली, खिडकीच्या कठड्याला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा. मला वाटलं चक्कर आली. मी धावले तर तिने मला हाताने थांबवलं. शहात्तर वर्षांची बाई, काळ्या कोटात, मोत्याची पिन लावून, राजाच्या फरशीवर उताणी पडली. शिपायाने दाराकडे तोंड फिरवलं.

काही वेळ ती नुसती वर बघत होती. "ये इकडे," ती म्हणाली. "पड माझ्या बाजूला."

मी पडले. काय करणार? फरशी थंडगार होती. उभं राहून बघताना मधलं मोठं झुंबर त्या कोपऱ्याच्या आड येत होतं. खाली पडल्यावर झुंबर सरकलं आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात, लढाईच्या अगदी शेवटी, एक माणूस दिसला. जखमी होता, दगडाला टेकून बसलेला. लाल कमरपट्टा. एक पाय उघडा. बाकी सगळे शत्रूकडे धावत होते आणि त्याने मात्र मान वळवून खाली बघितलं होतं. थेट आमच्याकडे. दीडशे वर्षं तो तसाच बघत असेल. मेजाभोवती बसणाऱ्या एकालाही तो दिसत नसेल, फरशीवर झोपणाऱ्यांनाच तो दिसायचा. मी कुठे आहे, कुणाच्या घरात आहे, काही सुचेना.

मावशीने दोन्ही हात वर केले. एक हात पसरलेला, दुसरा किंचित वर, डोकं धरल्यासारखा. हात वर गेले, खाली आले. पुन्हा गेले. ओठ हलत होते. तिसऱ्या वेळी ती मोठ्याने बोलली, आणि त्या दालनात तो आवाज चारी भिंतींना लागला.

"देवाचा सेवक इग्नातिस."

मला आधी वाटलं मी चुकून ऐकलं. मग एकदम सगळं कळलं. आमच्यात बाप जिवंत असताना मुलाला बापाचं नाव ठेवत नाहीत. आजोबाचं ठेवतात, काकाचं ठेवतात. बापाचं नाव मुलाला मिळतं ते एकाच वेळी, बाप मुलाच्या जन्माआधी किंवा बाप्तिस्म्याआधी गेला असेल तर. पाच वर्षांच्या पोरीला हे कुठून कळणार? तिला पुरुषाचं एकच नाव नीट येत होतं. आई दुधाचं भांडं घेऊन परत आली, आणि लेकीने तिला एका वाक्यात सांगितलं की बाळ गेलं आणि त्याचं नाव इग्नातिस. आईने थोबाडीत मारली ती खोटं बोलल्याबद्दल नव्हतीच. बाळाला ते नाव मिळालं असं मान्य केलं असतं तर धक्क्यावर टोपी हलवणारा नवरा त्याच दुपारी मेला असता.

"म्हणून ती म्हणाली, स्वप्न," मावशी छताकडे बघत म्हणाली. "तिलाही ठाऊक होतं गं. दोघांतला एकच तिला ठेवता येत होता. तिने त्यांना ठेवलं."

तिला उठवायला मला आणि शिपायाला दोघांना लागावं लागलं. त्याने तिच्या कोटाची पाठ झटकली. दारातून बाहेर पडताना ती एकदा थांबली आणि मागे वळली, पण उभं राहून तो दिसत नव्हता, तेव्हा तिने नुसती मान लववली. फाटकाशी तिची कात्री परत मिळाली. परतताना बसमध्ये बायकांनी विचारलं, काय राणीसाहेब, सापडलं का माहेर? ती म्हणाली, सापडलं, पण तुमच्यासारख्यांना तिथे घेत नाहीत. सगळ्या हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी दुपारी ती दुकानात आली. गहू भिजत घातले आहेत, डाळिंब चांगलं मिळालं, असं सांगत तिने काउंटरवर कोपर टेकलं. मी दोन कागद घेतले. जिवंतांच्या कागदावर सवयीने माझा हात पहिलं नाव लिहायला गेला. तिने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाली, मुलींपासून सुरू कर. मी मुलींची नावं लिहिली, जावयांची, नातवंडांची. ती भराभर सांगत होती आणि एकदाही कागदाकडे बघत नव्हती.

दुसरा कागद पुढे ओढला. तिथे पहिलं नाव नेहमी तिच्या आईचं असायचं. ते लिहिलं. मग ती म्हणाली, "इग्नातिस लिही." मी लिहिलं. "आता खाली अजून एकदा लिही."

शनिवारी चर्च भरलेलं होतं. गव्हाची ताटं टेबलावर ओळीने, प्रत्येकावर पिठीसाखरेचा थर आणि मधोमध मेणबत्ती. तिच्या ताटावर डाळिंबाच्या दाण्यांचा क्रूस होता आणि या वेळी दोन मेणबत्त्या होत्या. पाद्रीबाबा चष्मा नाकावर ओढून एकेक चिठ्ठी वाचत होते, वर्षानुवर्षं वाचतात तशी, न थांबता. आमची आली. आईचं नाव वाचलं, इग्नातिस वाचलं, आणि ते क्षणभर अडखळले. चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दुकानदारणीने घाईत एकच नाव दोनदा खरडलं असं त्यांना वाटलं असणार. ते पुढच्या नावावर गेले.

मावशी खांबाला धरून उठली.

"दोनदा वाचा, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "दोघं आहेत."

पाद्रीबाबांनी पुढचं नाव अर्ध्यावर सोडलं, चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली आणि या वेळी सावकाश वाचलं.